न उघडलेला इराणी

१९ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईत हॉर्निमन सर्कलपाशी, एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. टाटांबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीतली कंपनी, टाटांच्याच कूर्गकडची कॉफी आणि दगडी कमानींची जुनी इमारत. कंपनीचे सर्वेसर्वा हॉवर्ड शुल्ट्झ उद्‌घाटनाला जातीनं हजर होते. पहिले काही दिवस दारापुढं रांगा लागल्या. त्या रांगा बघून फोर्टातल्या जुन्या माणसांना काळजी वाटली ती इराण्याची. कारण या दारातून निघून बॅलार्ड इस्टेटकडं वळलं की १९२३ सालचं ब्रिटानिया लागतं. दुसऱ्या अंगाला नगीनदास मास्टर रोडवर १९३३ सालचं मिलिटरी कॅफे आहे. मेट्रो सिनेमापर्यंत पायपीट करायची तयारी असेल तर जेर महालाच्या तळमजल्यावर १९०४ सालचं कयानी. अमेरिकन कंपनी आली, आता यांनी गाशा गुंडाळायचा, असाच एकूण सूर होता.

तसं काही झालं नाही. स्टारबक्स आल्यावरही ही ठिकाणं चालत राहिली. ब्रिटानियात दुपारी बेरी पुलावासाठी खोळंबलेली माणसं दिसतच राहिली, कयानीत रविवार सकाळी टेबल मिळणं अवघडच राहिलं. मग परदेशी साखळ्यांनी आपल्याकडच्या कॅफेंचं काही बिघडवलंच नाही, असं म्हणून हा विषय मिटवायचा का? तेही खरं नाही. बिघडवलं, आणि बरंच बिघडवलं. फक्त आपण भलत्या ठिकाणी बघत होतो. चालू असलेल्या इराण्याकडं आपलं लक्ष होतं. घाव बसला तो अजून उघडलाच नव्हता त्या इराण्यावर.

गल्ल्यावरून दिसणारी मुंबई

इराणी हॉटेलांची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही, म्हणून थोडक्यात. याझ्द आणि केरमान या इराणच्या रुक्ष मुलखांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला जी माणसं मुंबईत आली, त्यांच्याकडं भांडवल नव्हतं. होती ती कष्टाची तयारी आणि नातेवाइकांची भागीदारी. कोपऱ्यावरच्या जागा हिंदू दुकानदार अशुभ मानून टाळत, त्या इराण्यांनी घेतल्या असं सांगतात. अशुभ असो-नसो, कोपऱ्याला दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक, दोन बाजूंचा उजेड आणि दोन दारं. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला अख्खा चौक दिसायचा.

आत संगमरवरी माथ्याची टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतभर आरसे, काचेच्या बरण्यांत खारी, नानकटाई आणि बिस्किटं. भिंतीवर सूचनांची पाटी. धोबीतलावच्या बास्तानीतल्या पाटीवर निस्सीम इझिकेल यांनी कविता केली, इतक्या त्या सूचना नामांकित. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, एक चहा घेऊन बसलेल्या माणसाला उठवायची रीत फारशी नव्हती. वर्तमानपत्राची पानं सुटी होऊन या टेबलावरून त्या टेबलावर जायची. शेजारच्या खुर्चीत गिरणीकामगार आहे, कारकून आहे की दलाल, याची चौकशी होत नसे. बायकांसाठी, कुटुंबासाठी ‘फॅमिली रूम’ असे. गोदीतून सुटलेल्याला पहाटे पाव-चहा इथंच मिळायचा, आणि सिनेमाच्या शेवटच्या खेळातून बाहेर पडलेल्यालाही.

पदार्थ मोजकेच, पण हात बसलेले. बनमस्क्याचंच बघा. गोल बन आडवा चिरायचा, दोन्ही पाकळ्यांवर मस्का असा थापायचा की कडेपर्यंत पोचला पाहिजे, मग मिटवून उभे तुकडे. हे सगळं पोऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, सुरीकडं न बघता करतो. चहाचं पाणी एका भांड्यात सकाळपासून उकळत असतं, दूध दुसऱ्या भांड्यात आटत असतं, आणि दोघांची गाठ कपातच पडते. ‘पानी कम’ म्हटलं की आत बरोबर समजतं. बन चहात बुडवल्यावर मस्क्याचे पिवळे थेंब वर तरंगतात. ते ज्याला आवडत नाहीत त्यानं ब्रुन मागवावा, तोही बुडवावाच लागतो. नाहीतर दातांचं काही खरं नाही.

गेल्या शतकाच्या मध्यावर मुंबईत अशी साडेतीनशेच्या आसपास हॉटेलं होती असं सांगितलं जातं. आज बोटांवर मोजायची म्हटली तर दोन-तीन माणसांची बोटं पुरतील. पण ही घसरण स्टारबक्सनं केलेली नाही. बास्तानी बंद पडलं तेव्हा स्टारबक्सचा भारतात पत्ता नव्हता. पुण्यात डेक्कनवरचं ‘लकी’ गेलं तेही त्याआधीच. ‘गुडलक’ तेवढं १९३५ सालापासून जागेवर आहे. पोरं शिकली, कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली. पहाटे चारला भट्टी पेटवायला कुणी उरलं नाही. भागीदारांची संख्या पिढीगणिक वाढली आणि एकमत घटलं. उडुप्यांनी इडली-डोसा आणि फिल्टर कॉफी अधिक झपाट्यानं आणि अधिक स्वच्छपणे दिली. काही इराण्यांनी बिअरचा परवाना काढला आणि हॉटेलाचा परमिट रूम झाला. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान, मावा केकचं मूळ पीठ म्हणावं अशी ती जागा, बंद होणार अशी बातमी २०१४ साली आली तेव्हा सकाळी सकाळी निरोपाची गर्दी लोटली होती. काही आठवड्यांनी डागडुजी करून ते पुन्हा उघडलं. त्या गर्दीतल्या किती जणांनी त्याआधीच्या वर्षभरात तिथं पाऊल टाकलं होतं, हा प्रश्न अडचणीचा आहे.

भाडं, पागडी आणि परदेशी भाडेकरू

इराणी एवढी वर्षं टिकला त्याचं एक कारण त्याच्या चहात नाही, कायद्यात आहे. मुंबईचा १९४७ सालचा भाडे नियंत्रण कायदा आला आणि ‘प्रमाण भाडं’ १ सप्टेंबर १९४० रोजीच्या दराशी बांधलं गेलं. शहर वाढलं, जमिनीचे भाव आभाळाला भिडले, पण जुन्या भाडेकरूचं भाडं तिथंच राहिलं. दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या कोपऱ्यावर एक कप चहा देऊन माणसाला तासभर बसू देणं परवडायचं ते यामुळं. आपण ज्याला इराण्याची दिलदारी म्हणतो, तिचा बराचसा खर्च घरमालक सोसत होता. घरमालकानं मग इमारतीची दुरुस्ती सोडून दिली. छपराला टेकू लागले, भिंतींतून पिंपळ उगवले. त्यालाही दोष देता येत नाही.

पुढं १९९९ सालचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, २००० च्या मार्चअखेर लागू झाला. त्यात जुन्या भाडेकरूचं संरक्षण राहिलं, भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, आणि पागडी घेण्या-देण्याला कायद्याचा आधार मिळाला. शिवाय एक कलम असं आलं की बँका, सरकारी महामंडळं, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक वसूल भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना या कायद्याचं छत्र नाही. त्यांनी बाजारभावानं भाडं द्यावं.

वरवर पाहता हे कलम बड्या कंपन्यांच्या विरोधात आहे. प्रत्यक्षात त्यानं घरमालकाला सांगून टाकलं की तुझा सगळ्यात चांगला भाडेकरू कोण. छोटा माणूस आत आला तर तो नातवंडांपर्यंत हलायचा नाही, ही मुंबई-पुण्याच्या मालकांची जुनी धास्ती. परदेशी साखळी लिव्ह अँड लायसन्सवर येते, बाजारभाव देते, ठरलेल्या मुदतीनं वाढवून देते, आणि तिच्या नावामुळं शेजारच्या गाळ्याचाही भाव वधारतो. मॉलवाले तर अशा साखळीला दर्शनी जागा देतात, प्रसंगी भाड्याऐवजी विक्रीतला हिस्सा घेतात, कारण ती आली की माणसं येतात. त्याच मॉलमध्ये सोलापूरहून किंवा सांगलीहून आलेल्या, कॅफे काढू पाहणाऱ्या तरुणाला कोपरा सोडाच, जिन्याखालची जागासुद्धा साखळीमुळं चढलेल्या दरानं मिळते.

परिणाम असा की जुना इराणी जुन्या भाड्याच्या कवचात तसाच राहिला, जोवर घरचं माणूस गल्ल्यावर बसायला होतं तोवर. नवा इराणी मात्र जन्मालाच येऊ शकला नाही. इथं इराणी म्हणजे केवळ पारशी-इराणी नव्हे. अंगमेहनतीच्या भांडवलावर कोपरा घेऊन स्वस्तात माणसं बसवणारा कुणीही. बी.कॉम. झालेला मालवणी असेल, नोकरी सोडलेली औरंगाबादची मुलगी असेल. रस्त्याचा भाव आता त्यांच्या ऐपतीवर ठरत नाही. तो ठरतो साखळी काय देऊ शकते यावर.

एका टेबलाचा हिशेब

साखळी एवढं भाडं देते कुठून, हे टेबलापाशी बसून बघण्यासारखं आहे. हिशेब ढोबळ आहे, पण कुणालाही करता येईल असा आहे.

इराण्याच्या टेबलावर चौघं बसतात. बनमस्का आणि चहा मिळून माणशी ऐंशी रुपये धरले तर टेबलाचं बिल ३२० रुपये. गर्दीच्या वेळी हे टेबल अर्ध्या तासात रिकामं होतं. म्हणजे तासाला सहाशेच्या वर. आता साखळीत चला. खिडकीपाशी एक तरुण लॅपटॉप उघडून बसला आहे. कानात हेडफोन, समोर तीनशे रुपयांची कॅपुचिनो, तीही दीड तासापूर्वी संपलेली. समोरच्या खुर्चीवर त्याची पाठपिशवी. त्या टेबलाची कमाई तासाला दीडशे रुपये. एसी चालू, वायफाय चालू, स्वच्छतागृह झकपक. काउंटरवर नाव विचारून ते कपावर लिहून घेणारी मुलगी पगारावर, यंत्र काही लाखांचं. गर्दीच्या वेळचा इराणी टेबलामागं चौपट कमावतो, आणि तरी कोपरा हातात राहतो तो साखळीच्या.

याचं एक उत्तर कपातल्या नफ्यात आहे. दूध, कॉफी, साखर, कप यांचा खर्च किमतीच्या मानानं किरकोळ असतो, आणि बरंच गिऱ्हाईक टेबलाला हात न लावता कप घेऊन निघून जातं. पण खरं उत्तर ताळेबंदात आहे. टाटा स्टारबक्सची २०२३-२४ सालची विक्री बाराशे कोटी रुपयांच्या वर होती आणि त्याच वर्षी तोटा होता ऐंशी कोटींच्या घरात. सुरुवातीला तेव्हा बारा वर्षं होत आली होती, दुकानं चारशेच्या पुढं गेली होती, तरी तोटा. आणि त्याच २०२४ च्या जानेवारीत कंपनीनं जाहीर केलं की २०२८ पर्यंत हजार दुकानं करायची. ज्याच्या पाठीशी टाटा आणि सिॲटलची मूळ कंपनी आहे त्याला तोटा ही गुंतवणूक वाटते. इराण्याला, उडुप्याला किंवा आपल्या सोलापूरच्या पोराला एक वर्ष तोट्यात गेलं की बायकोचे दागिने बँकेत जातात आणि दुसऱ्या वर्षी शटर खाली येतं. कॉफी चांगली कुणाची हा मुद्दा इथं गैरलागू आहे. सामना दम कुणाला जास्त आहे याचा आहे, आणि दम पैशाचा आहे.

साखळी अमर असते असंही नाही. कॅफे कॉफी डेचं उदाहरण ताजं आहे. कॉफी बोर्डाची सक्तीची खरेदी व्यवस्था १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्यानं सैल झाली आणि १९९६ मध्ये कॉफी विकायची मोकळीक मळेवाल्यांना पूर्णपणे मिळाली. त्याच वर्षी चिकमगळूरच्या कॉफीवाल्या घराण्यातल्या व्ही. जी. सिद्धार्थ यांनी बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॉफीबरोबर इंटरनेट देणारं पहिलं दुकान काढलं. पुढं नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या कॉलेजवयीन मुलामुलींना समोरासमोर बसून बोलायला पहिली बरी जागा याच साखळीनं दिली, हे श्रेय तिचं आहे. त्या काळी मुलगामुलगी हॉटेलात एकत्र बसले की वेटरपासून शेजारच्या टेबलापर्यंत सगळ्यांच्या नजरा वळत. कॉफी डेत कुणी ढुंकून बघत नसे. दुकानं सतराशेच्या वर गेली. कर्ज सात हजार कोटींच्या वर गेलं. जुलै २०१९ मध्ये सिद्धार्थ यांचा मृतदेह नेत्रावती नदीत सापडला. त्यानंतरच्या पाच वर्षांत दुकानं पाचशेच्या खाली आली. ती दुकानं गेल्यावर रिकाम्या झालेल्या कोपऱ्यांवर बहुतेक ठिकाणी इराणी परत आला नाही. कुठं मोबाइलचं दुकान आलं, कुठं बँकेचं एटीएम, कुठं दुसरी साखळी. एकदा चढलेला भाव साखळी गेली म्हणून उतरत नाही.

मेलबर्नमध्ये काय घडलं

हे सगळीकडं असंच होतं का? होत नाही, आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. स्टारबक्स २००० साली ऑस्ट्रेलियात गेली. आठ वर्षांत ८४ दुकानं काढली आणि जुलै २००८ मध्ये त्यांतली ६१ बंद करत असल्याचं जाहीर केलं. तोवर तोटा दहा कोटी डॉलरच्या पुढं गेला होता. उरलेली दुकानं २०१४ मध्ये तिथल्याच एका कंपनीला विकून टाकली. जगभर पाय पसरणाऱ्या कंपनीची एवढी शोभा क्वचितच झाली असेल.

कारण सोपं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून आणि ग्रीसमधून गेलेल्या स्थलांतरितांनी मेलबर्न-सिडनीत एस्प्रेसोची यंत्रं नेली होती. मेलबर्नचा पेलेग्रिनीज एस्प्रेसो बार १९५४ पासून चालू आहे. स्टारबक्स पोचली तेव्हा तिथल्या माणसाला फ्लॅट व्हाइट म्हणजे काय ते शिकवायची गरज नव्हती. कोपऱ्यावरचा कॅफेवाला त्याला नावानं ओळखत होता, आणि कॉफी अधिक चांगली आणि स्वस्त होती. शुल्ट्झना १९८३ साली मिलानमधले कॉफीचे बार बघून आपल्या धंद्याची कल्पना सुचली. त्याच इटलीत दुकान उघडायला कंपनीला २०१८ उजाडावं लागलं, ते उगाच नाही.

खुद्द अमेरिकेतही चित्र सरळ नाही. तिथल्या स्पेशालिटी कॉफी संघटनेच्या आकड्यांनुसार २००० ते २००५ या स्टारबक्सच्या ऐन भरभराटीच्या काळात एकट्यादुकट्या मालकांची कॉफीची दुकानं ९,८०० वरून सुमारे १४,००० वर गेली. साखळीनं लोकांना चार डॉलरची कॉफी प्यायची सवय लावली, आणि शेजारी उभ्या राहिलेल्या छोट्यानं त्या सवयीवर आपली भाकरी भाजून घेतली. जिथं नवा माणूस परवडेल अशा भाड्यात गाळा घेऊ शकतो आणि ज्याचा पदार्थ खरोखर चांगला आहे, तिथं साखळी येण्यानं त्याचं नुकसान होतंच असं नाही. उलट होतं. आपल्याकडं यातली दुसरी अट पुरी होते. अडतं ते पहिल्या अटीपाशी.

उलटी शिकवणी

शिकणं एकतर्फी झालेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. भारतात गिऱ्हाईक अपेक्षेइतकं वाढेना तेव्हा स्टारबक्सनं इथं ‘पिको’ नावाचा छोटा कप आणला, किंमत तेव्हा १८५ रुपयांपासून. मेन्यूत मसाला चहा आला, फिल्टर कॉफी आली. ज्या फिल्टर कॉफीसाठी माटुंग्यातला माणूस म्हैसूर कन्सर्न्समध्ये जाऊन चिकरीचं प्रमाण सांगून पूड दळून आणतो, ती आता कागदी कपात, नाव लिहून. स्टीलचा डबरा-पेला तेवढा राहिला.

इकडं आपल्या लोकांनी साखळीची विद्या उचलली. दिल्लीत २०१३ मध्ये ब्लू टोकाई सुरू झाली. मग बंगळूरची थर्ड वेव्ह, वांद्र्याची सुबको. मळ्याचं नाव, भाजणीची तारीख, बियांवर केलेली प्रक्रिया पाकिटावर छापून कॉफी विकायची रीत यांनी रुजवली. भारतात पिकणाऱ्या कॉफीचा मोठा हिस्सा आजवर परदेशी जात आला. उत्तमातली उत्तम बी आपण कधी चाखलीच नव्हती. ती आता मुंबई-पुण्यात भाजली जाते, ही या साखळ्यांच्या शर्यतीतून निघालेली खरी चांगली गोष्ट. पण यांतले मोठे आता गुंतवणूकदारांच्या पैशावर वाढणाऱ्या साखळ्याच झाले आहेत, आणि त्यांच्या कॅपुचिनोची किंमत स्टारबक्सच्या आगेमागेच असते.

पुण्यात तर चहाचीच साखळी झाली. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी चालवलेली अमृततुल्यं हे पेठांचं वैभव. पितळी भांडं, खलबत्त्यात कुटलेलं आलं-वेलदोडा, फडक्यातून गाळलेला चहा, उभ्याउभ्या घोटभर. २०१८ च्या मार्चमध्ये येवले अमृततुल्यच्या महिना बारा लाखांच्या कमाईची बातमी देशभर फिरली आणि बघता बघता महामार्गांवर, तालुक्यांच्या एसटी स्टँडसमोर एकसारख्या पाट्या दिसू लागल्या. रक्कम भरा, पाटी घ्या, मसाला घ्या, चहा विका. यात वाईट काही नाही. मराठी पोरांना धंद्याची वाट सापडली. पण ही दुकानं उभं राहून पिण्याची आहेत. बसायला तिथं जागा नाही, कारण बसण्याच्या जागेचं भाडं परवडत नाही.

आणि इथंच दुखणं आहे. साखळीत बसायला मिळतं, पण तीनशे रुपयांत. फ्रँचायझीच्या टपरीवर चहा वीस रुपयांत मिळतो, पण बसायला मिळत नाही. मधलं, चाळीस रुपयांत तासभर बसू देणारं ठिकाण नाहीसं होत चाललं आहे. पुण्यात वैशाली हॉटेलाच्या दारात माणसं आजही नाव नोंदवून ताटकळतात ती डोशासाठी तेवढीच या मधल्या जागेसाठीही. तालुक्याच्या गावी हीच गरज पडद्यांच्या आणि कप्प्यांच्या तथाकथित कॅफेंमध्ये जाते, मग अधूनमधून पोलिसांचे छापे पडतात, संस्कृतिरक्षक खुर्च्या मोडतात आणि पोरंपोरी तोंड लपवून बाहेर पडतात. उजेडातली, मोठ्या खिडक्यांची, स्वस्त आणि सगळ्यांना दिसणारी जागा गावात असती तर त्या पडद्यांची गरज निम्म्यानं कमी झाली असती.

दर्शनी भाग वाचला, धंदा गेला

आपल्याकडं जुनं जपायची तळमळ नाही असं नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे. परवानगीशिवाय कमान पाडता येत नाही, खिडकी बदलता येत नाही. पण त्या कमानीखाली चहा विकला जातो की सोनं, याच्याशी नियमावलीला देणंघेणं नाही. इमारत वाचते, धंदा जातो. आणि मग गेलेल्या धंद्याचं सोंग दुसरीकडं उभं राहतं. लंडनमध्ये २०१० साली डिशूम निघालं, मुंबईच्या इराण्याच्या धर्तीवर. तशाच खुर्च्या, तसेच आरसे, तशाच पाट्या, आणि आता त्याचीही साखळी आहे. आपल्याकडं सोडाबॉटलओपनरवाला निघालं. दोन्हीकडचं जेवण चांगलं असल्याचं जाणकार सांगतात. पण तिथं एक चहा घेऊन तासभर वर्तमानपत्र वाचत बसणारा निवृत्त कारकून तुम्हाला दिसणार नाही. त्याला परवडण्याजोगी ती जागाच नाही.

ब्रिटानियाचे बोमन कोहिनूर २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी गेले. राणी एलिझाबेथचे निस्सीम भक्त, टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेणारे. ब्रिटिश राजपुत्र २०१६ साली मुंबईला आले तेव्हा त्यांना भेटून आलेले. त्यांच्यासारखा माणूस कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेतून तयार होत नाही. पण तो तयार व्हायला शंभर वर्षं एकाच जागी टिकून राहणारं दुकान लागतं, आणि तेवढी व्यवस्था शहराला करता येते.

सॅन फ्रान्सिस्कोनं ती केली. जगभरात मिळून अकरा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळीला तिथल्या बहुतेक वस्त्यांच्या बाजारपेठांत दुकान काढायचं तर वेगळी परवानगी लागते, आणि शेजाऱ्यांना हरकत घेता येते. २०१५ साली तिथल्या मतदारांनी जुन्या दुकानांसाठी निधी मंजूर केला. तीस वर्षांहून जुन्या धंद्याची नोंद होते, त्याला अनुदान मिळू शकतं, आणि अशा दुकानाला दहा वर्षांचा करार करून देणाऱ्या घरमालकालाही चौरस फुटामागं पैसे मिळू शकतात. या शेवटच्या कलमात शहाणपण आहे. आपण १९४७ पासून इराण्याचा भार एकट्या घरमालकावर टाकला आणि त्यानं इमारत पडू दिली. तो भार शहरानं थोडा उचलला तर घरमालक भाडेकरूचा शत्रू राहत नाही.

मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांना हे जमणार नाही असं मानायचं कारण नाही. पुनर्विकासात जुन्या हॉटेलवाल्याला चौरस फूट मिळतात, पण ते मागच्या बाजूला, पार्किंगच्या वर. तळमजल्यावर, रस्त्याच्या दर्शनी बाजूला जागा देण्याची अट घालता येईल. महापालिकेच्या स्वतःच्या मंडयांत आणि उड्डाणपुलांखाली कितीतरी गाळे धूळ खात पडले आहेत. त्यांतले काही, लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याऐवजी, बसायला खुर्च्या ठेवीन आणि चहाचा दर ठरावीक ठेवीन असं लिहून देणाऱ्याला देता येतील. पाच वर्षांचा परवडणारा करार मिळाला तर कॅफे काढणारी तरुण मंडळी या शहरांत कमी नाहीत. पाककृती त्यांच्याकडं आहेत, कॉफी आपल्याच देशात पिकते, आणि गिऱ्हाईक तर रोज वैशालीच्या दारात उभंच आहे.

राहता राहिलो आपण. आवडत्या जागेच्या बंद होण्याची बातमी आली की आपण फोटो टाकतो, हळहळतो. ते पुरेसं नाही. महिन्यातून दोनदा तिथं जावं, चहाचे दहा रुपये वाढले म्हणून कुरकुर करू नये, गर्दीच्या वेळी टेबल अडवून बसू नये, आणि निघताना बिल रोख द्यावं. साखळीत जायला हरकत काहीच नाही. तिला तोटा सोसायची ताकद आहे. ज्याला ती नाही, त्याच्याकडं आधी जावं. आणि पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला दाराशी आला की रस्ते, पाणी, कचरा यांबरोबर एवढं एक विचारावं: आमच्या वॉर्डात चाळीस रुपयांत तासभर बसता येईल अशी एक तरी जागा तुम्ही कुठं आणि केव्हा करून देणार आहात?